धरणात मासे सोडता, मग मोजतं कोण?

गळवाला (धागाकर्ता)
गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका धरणावर मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम झाला. टेम्पोतून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या आल्या, पाहुणे दोन तास उशिरा आले, फोटो झाले. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान जुळलं की मग तोंड सोडायचं. साधी गोष्ट आहे. इथे घाई झालेली, ब्लेडने पिशव्या फाडून बीज सरळ ओतलं. अर्ध्या तासात काठाला पोटं वर केलेल्या पिल्लांचा चंदेरी पट्टा, आणि बगळ्यांची दिवाळी. कागदावर मात्र सगळं बीज 'सोडलं'.

देशात या विषयावर काम करणाऱ्या संस्था कमी नाहीत. बराकपूरची अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून आहे, वर्सोव्याची मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून. पण आमच्या धरणात गेल्या वर्षी कटला मासा किती निघाला, केवढा निघाला, हे विचारा. कोणालाच माहीत नाही. पाण्यात जाळीचे पिंजरे तरंगवून मासे वाढवतात, त्या पिंजऱ्यांना अनुदान वाटण्याआधी दर धरणावर एक वही आणि एक वजनकाटा ठेवा, एवढंच म्हणणं आहे. मतं येऊ द्या.

निफाडचा_पाटील
वहीने पोट भरत नाही साहेब. १९९५ च्या देशपातळीवरच्या अभ्यासात मोठ्या जलाशयांचं उत्पादन हेक्टरी जेमतेम ११ किलो भरलं होतं, लहान तलावांचं ५०. याउलट ६ बाय ४ बाय ४ मीटरचा एक पिंजरा नीट सांभाळला तर पंगस मासा तीन टन देतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत ४० टक्के अनुदान आहे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. पोरं कामाला लागतील. तुम्ही मोजत बसा.

पंचवटीकर
पाटील, तीन टन पंगसला साधारण साडेचार टन खाद्य लागतं. त्याचा मासा होतो तेवढा होतो, बाकीचं विष्ठा आणि उरलेलं खाद्य होऊन तळाला. गंगापूर धरणाचं पाणी आमच्या नळाला येतं. कोणत्या धरणाला किती पिंजरे सोसतील हे तपासल्याशिवाय दोरी बांधू नका.

आणि तुम्ही बागाईतदार ना? देठ परीक्षण केल्याशिवाय द्राक्षाला खत टाकता का? मग धरणाचंच परीक्षण नको कसं?

निफाडचा_पाटील
हा टोला बसला. पण परीक्षणाचा रिपोर्ट आठवड्यात हातात येतो म्हणून आम्ही करतो. तुमच्या अभ्यासाला पाच वर्षं लागणार असतील तर तोवर काय करायचं?

गाभोळीप्रेमी
पावसाळ्यात मासेमारी बंद करा म्हणणारा कोणी येण्याआधीच निषेध नोंदवून ठेवतो. आषाढात गाभोळी नाही तर काय मजा.

पाणकावळा
आलोच मी. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जातो (रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं ते, राज्यातलं पहिलं). पक्ष्यांचं बाजूला ठेवतो, मरळ माशाचं सांगतो. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा घोळका हलताना दिसतो, ती मरळीची पिल्लं. खाली आई-बाप राखण करत असतात. गळवाले नेमका तो घोळका बघून तिथेच गळ टाकतात. मोठी जोडी गेली की संध्याकाळपर्यंत घोळका साफ. धागाकर्ते, तुमचं नावच गळवाला आहे, म्हणून विचारतो...

गळवाला
टाकलाय. कॉलेजात असताना. पुढे बोला.

भोई_सभासद
मी मच्छीमार सोसायटीत आहे, पंधरा वर्षं तराफ्यावर. इथे जे लिहितायत त्यांच्यापैकी कितीजणांनी जाळं ओढलंय माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक, पावसाळी बंदी. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून तर १९५७ च्या जुलैमध्ये हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुलला माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन करून दाखवलं, आणि आज बीज मिळतंय. संशोधनाला नावं ठेवणारा मी नाही. पण मरळीसाठीची बंदी कटल्याला लावून काय मिळणार?

दोन, जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार. साहेब लोक म्हणतात बारीक आस बंद करा. कटल्यासाठी बरोबर आहे, अर्धा किलोचा कटला काढणं म्हणजे हुरडा होण्याआधी ज्वारी कापणं. पण चिलापीचं (तिलापियाचं) काय? १९५२ ला देशात आणली, अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून कितीदा तरी विते. दाटी झाली की चार बोटांची असतानाच तिला पिल्लं. मोठ्या आसातून ती निसटते आणि धरणभर तीच होते. दोन्ही मासे एकाच पाण्यात आहेत. याचं उत्तर मला तरी कोणी दिलेलं नाही.

तीन, तुमची वही. खरं लिहिलं आणि माल जास्त दिसला, की पुढच्या वेळी धरणातल्या मासेमारीच्या ठेक्याची रक्कम वाढेल ही भीती आहे. म्हणून कोणीही कमीच सांगणार. मी पण सांगतो.

पंचवटीकर
हे शेवटचं कोणत्याच अहवालात सापडलं नसतं.

निफाडचा_पाटील
भोई दादा, आवर्तन (कालव्याचं पाणी) सुटल्यावर उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं तुमच्याकडे? पिंजऱ्याच्या दृष्टीने विचारतोय.

भोई_सभासद
मार्चमध्ये जिथे तराफा चालतो तिथे मेमध्ये म्हशी बसतात. पिंजरा टाकाल तर जागा आम्हाला विचारून टाका.

गळवाला
भोई दादा, ठेक्याचा मुद्दा मान्य, मला सुचलाच नव्हता. वही ठेक्याशी जोडायची नाही, हे आधी लेखी ठरायला हवं. पण चिलापीचं उत्तरही वहीशिवाय निघणार नाही. कोणत्या आसात काय किती येतं हे वर्षभर लिहिल्याशिवाय तुम्ही आणि साहेब नुसते भांडत राहणार. सुरुवातीला नाव न लिहिता करू. फक्त मासा, लांबी, वजन, आस.

भोई_सभासद
रविवारी पहाटे पाचला धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला या. वही आणि काटा तुमचा. सहापर्यंत थांबतो, नंतर माल टेम्पोत गेलेला असेल.