मनगटी पट्टा: पडल्याचा निर्णय फोनवर घ्यावा की पट्ट्यावरच?

प्रश्न

आई दोनदा पडली, दोन्ही वेळा घरात कुणी नव्हतं. म्हणून चार महिने तिच्यासाठी मनगटावरचा पट्टा बनवतोय. अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) तीन अक्षांचा, सेकंदाला ५० नमुने. सगळा कच्चा डेटा ब्लूटूथ लो एनर्जीवरून फोनला जातो, आणि आई पडली का हे फोनवरचं अ‍ॅप ठरवतं. पण बॅटरी संध्याकाळपर्यंतसुद्धा पुरत नाही. शिवाय फोन बाहेर ठेवून ती बाथरूममध्ये गेली की कनेक्शन तुटतं. दुसऱ्यांदा ती तिथेच पडली होती. कनेक्शन लवकर परत जुळावं म्हणून काय करू?

प्रतिसाद १

कनेक्शन तुटणारच, हे धरून चाला. तुटल्यावरही कोणतं काम थांबता कामा नये, यावरून कोड कुठे ठेवायचा ते ठरतं. तुमच्याकडे ते काम म्हणजे पडणं ओळखणं, आणि नेमकं तेच तुम्ही फोनवर ठेवलंय.

हिशोब बघा. ३ अक्ष, प्रत्येकी २ बाइट, ५० नमुने: सेकंदाला ३०० बाइट. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) डीफॉल्ट २३ बाइट असेल तर एका पॅकेटमध्ये तुमचे २० बाइट मावतात, म्हणजे सेकंदाला १५ पॅकेट. रेडिओला झोप कशी मिळणार? एमटीयू वाढवून थोडं भागेल, पण दिवसभराचं चालणं-बसणं तुम्हाला फोनवर हवंच कशाला?

बऱ्याच अ‍ॅक्सेलरोमीटरमध्ये फिफो (नमुने क्रमाने साठवणारी छोटी मेमरी) असतो. तो भरत आला की इंटरप्ट (प्रोसेसरला उठवणारा संकेत) येऊ द्या, तोवर प्रोसेसर झोपलेला. उठला की एवढंच तपासायचं: एकूण त्वरण क्षणभर शून्याकडे गेलं का, लगेच मोठा धक्का बसला का, आणि मग काही सेकंद ते १ जीच्या (स्थिर वस्तूवर दिसणाऱ्या गुरुत्वाच्या) आसपास राहून हालचाल थांबली का. छोट्या स्टेट मशीनचं (एकेक टप्पा पार झाला की पुढच्यावर जाणाऱ्या कोडचं) काम आहे. धक्क्याच्या आधीच्या १० आणि नंतरच्या १० सेकंदांचे नमुने मात्र फ्लॅशमध्ये (पट्ट्याच्या कायमच्या मेमरीत) जपा. जेमतेम ६००० बाइट होतात, पण केवढा धक्का म्हणजे पडणं, ही मर्यादा ठरवताना त्यांच्यावाचून चालणार नाही.

प्रतिसाद २

पण ओळखलं तरी कळवणार कुणाला? फोन तर लांबच आहे. बाथरूमजवळ कायम विजेवर चालणारा एक रिसीव्हर बसवा आणि पट्ट्याने अ‍ॅडव्हर्टायझिंग पॅकेटमधूनच (आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या छोट्या ब्लूटूथ संदेशातून) इशारा द्यावा, त्याला कनेक्शन लागत नाही. संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये खोलीभर विखुरलेल्या संगणकांची कल्पना मांडली होती. तुम्ही मात्र सगळा भार एका फोनवर टाकलाय.

आणि वेळेची नोंद पट्ट्याच्या काउंटरवरून घ्या, पॅकेट पोचल्याच्या वेळेवरून नको. २० पीपीएमचं (दहा लाखात २० इतकी चूक असलेलं) घड्याळाचं क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत सरकतं, तेवढं जोडणीच्या वेळी दुरुस्त करता येतं.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. निर्णय पट्ट्यावर आणला, रिसीव्हरही बसवला. बॅटरी आता तिसऱ्या दिवशी चार्ज करतो. काल मात्र खोटा इशारा आला: आईने काढलेला पट्टा टेबलावरून खाली पडला. शून्य, धक्का, स्तब्धता, सगळं हुबेहूब.

प्रतिसाद १

तिन्ही पायऱ्यांनंतर, इशारा देण्याआधी आणखी एक अट घाला: पट्टा अंगावर आहे का? पट्ट्यात नाडीचा ऑप्टिकल सेन्सर असेल तर धक्क्यानंतरच काही सेकंद चालू करा, कायम नको. त्याचा एलईडी बॅटरी खातो.