पीटरबरो (दक्षिण ऑस्ट्रेलिया) आणि मूर्तिजापूर: शाळेच्या प्रदर्शनासाठी माहिती हवी

खडू_आणि_फळा

नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांचं भूगोल प्रदर्शन आहे. विषय घेतलाय ‘मूर्तिजापूर आणि त्याच्यासारखं परदेशातलं एक रेल्वेगाव’. दुसरं गाव म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियातलं पीटरबरो निवडलं, कारण तिथं 1880 पासून तीन गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) गाड्या एकत्र यायच्या असं वाचलं. आपल्या जंक्शनवर ब्रॉडगेज आणि ‘शकुंतला’ या आता बंद पडलेल्या छोट्या गाडीची नॅरोगेज, त्यामुळे तुलना चांगली होईल असं वाटतं.

हाताशी 6 फूट × 3 फूट प्लायवूड आहे. ते गाव तिथंच का वसलं? तीन गेज म्हणजे रूळ किती लागतात आणि ते प्रतिकृतीत कसे दाखवायचे? नकाशा कोणत्या प्रमाणात बसेल? शेती-पाऊस याबद्दलही दोन गोष्टी सांगा. मुलांना विचारल्यावर नीट उत्तर देता आलं पाहिजे.

मालधक्का

सर, आधी एक दुरुस्ती, नाहीतर फलकावरच चूक जाईल. पीटरबरो तीन गेजचं गाव होतं हे खरं, पण 1880 पासून नाही. जवळजवळ 90 वर्षं तिथं एकच गेज होता, 1067 मि.मी.चा, म्हणजे साडेतीन फुटी. तिसरा गेज आला तेव्हा 1970 उजाडलं होतं आणि 1980 चं दशक सरता सरता तो गेलाही. तीन गेजचा संसार वीसेक वर्षांचाच.

क्रम असा. 1881 च्या सुरुवातीला पश्चिमेकडून, पोर्ट पिरी बंदराच्या बाजूने साडेतीन फुटी रूळ पोचले. त्याच वर्षी दक्षिणेकडून टेरोवीची लाइन येऊन मिळाली आणि पुढे वायव्येला क्वॉर्नकडे गेली. तेव्हा गावाचं नाव पीटर्सबर्ग होतं. ज्याच्या जमिनीवर गाव आखलं त्या पीटर डोकी नावाच्या शेतकऱ्यावरून ते पडलं. पहिल्या महायुद्धात जर्मन वळणाची नावं नकोशी झाली, 1917 मध्ये कायदा झाला आणि त्या प्रांतातल्या 69 ठिकाणांची नावं बदलली, त्यात हे पीटरबरो झालं. म्हणून 1918 च्या आधीचा नकाशा वापरलात तर त्यावर पीटर्सबर्गच सापडेल, मुलं गोंधळतील.

गावाचं नशीब पालटलं ते पूर्वेच्या लाइनने. 1883 मध्ये ब्रोकन हिलला चांदी-शिसं-जस्ताचा प्रचंड साठा सापडला. ब्रोकन हिल आहे शेजारच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात, पण सिडनी फार लांब आणि पोर्ट पिरीचं बंदर त्या मानाने जवळ. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रेल्वेने सीमेवरच्या कॉकबर्नपर्यंत रूळ नेले. पुढे शेजारच्या प्रांताने या रेल्वेला आत येऊ दिलं नाही, म्हणून सीमेपासून खाणीपर्यंतचा तुकडा सिल्व्हर्टन ट्रॅमवे या खासगी कंपनीने 1888 मध्ये पूर्ण केला. नावात ट्रॅम असली तरी ती पक्की मालगाडीची लाइन होती. खनिज त्या वाटेने पोर्ट पिरीच्या भट्ट्यांकडे जायचं आणि वाटेतलं इंजिन बदलण्याचं, दुरुस्तीचं, माणसं बदलण्याचं ठिकाण म्हणजे पीटरबरो. ब्रोकन हिलची घड्याळं आजही सिडनीच्या वेळेवर नाहीत, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालतात. रूळ कुणाकडे जातात त्यावरून घड्याळ ठरलं. मुलांना हा प्रश्न म्हणून टाका, कुणालाच येणार नाही.

मूर्तिजापूरशी तुलना करायची तर खरं जुळणारं गाव पीटरबरो नाही, 20-25 किलोमीटर दक्षिणेचं टेरोवी आहे. अ‍ॅडलेडहून आलेला 1600 मि.मी.चा रूळ 1880 मध्ये टेरोवीला संपला आणि तिथून पुढे साडेतीन फुटी सुरू झाला. म्हणजे प्रत्येक पोतं, प्रत्येक पेटी, प्रत्येक प्रवासी टेरोवीच्या फलाटावर एका गाडीतून दुसरीत. आपल्याकडे यवतमाळ-दारव्हा-कारंजाची किंवा अचलपूर-अंजनगावची रुईची गठाण मूर्तिजापुरात छोट्या वाघिणीतून उतरून मोठ्या वाघिणीत चढायची, अगदी तेच. गेज बदलतो तिथं माल थांबतो, माल थांबतो तिथं हमाल, गोदाम, खाणावळ, वस्ती. 1970 च्या जानेवारीत मोठा रूळ टेरोवीहून पुढे पीटरबरोपर्यंत नेला आणि टेरोवीचं काम एका फटक्यात संपलं. आज तिथं फारच थोडी माणसं राहतात. पीटरबरोत अजून दीड हजाराच्या आसपास आहेत.

पॉइंट_नंबर_चार

रुळांचं मी सांगतो. मालधक्का यांनी तारखा दिल्याच आहेत, त्यात एवढंच जोडा की त्याच सुमारास पोर्ट पिरी ते ब्रोकन हिल ही पूर्व-पश्चिम लाइन साडेतीन फुटीवरून 1435 मि.मी.ची झाली. फेब्रुवारी 1970 मध्ये सिडनी-पर्थ इंडियन पॅसिफिक गाडी त्यावरून सुरू झाली. म्हणून क्वॉर्नकडची 1067, पूर्व-पश्चिम 1435 आणि अ‍ॅडलेडकडची 1600, असे तीन.

तीन गेजना सहा रूळ लागत नाहीत, चार पुरतात. एका बाजूचा रूळ तिघांचा सामाईक, दुसऱ्या बाजूला तीन रूळ ओळीने. प्रतिकृती 1:20 प्रमाणात करा, आकडे सुटसुटीत येतात:

1067 चे 53 मि.मी.
1435 चे 72 मि.मी.
1600 चे 80 मि.मी.
शकुंतलेचे 762 चे 38 मि.मी.
आपल्या ब्रॉडगेजचे 1676 चे 84 मि.मी.

हमखास होणारी चूक: मुलं रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. गेज म्हणजे रुळाच्या डोक्याच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. मध्यापासून धराल तर 3 मि.मी. जाडीच्या पट्टीत प्रत्येक गेज 3 मि.मी.ने कमी भरेल, म्हणजे प्रत्यक्षातले 60 मि.मी. गाडी पडली! मोजपट्टीवर विसंबू नका. पुठ्ठ्याचे किंवा पातळ प्लायचे 53, 72 आणि 80 मि.मी. रुंदीचे तुकडे काटकोनात कापून घ्या आणि सामाईक रुळाला टेकवून त्यांच्या कडेला दुसरा रूळ चिकटवा. रूळ सांभाळणाऱ्या गँगमनकडचं गेज मोजायचं साधन हेच काम करतं.

सामान: 3 मि.मी. जाड, 8 मि.मी. उंच अ‍ॅल्युमिनियम पट्टी, 90 सें.मी.चे चार तुकडे. स्लीपरसाठी (रुळांखालची आडवी लाकडं) 12 × 6 मि.मी.ची लाकडी पट्टी, 13 सें.मी.चे 30 तुकडे, दर 3 सें.मी.ला एक. कापण्यात वाया जाणारं धरून लाकूड साडेचार मीटर आणा. स्लीपरला आधी पातळ रंगाचा हात द्या, मग रूळ लावा. उलट केलंत तर रंग अ‍ॅल्युमिनियमवर जातो आणि निघत नाही. पट्टी उभी चिकटवताना झटपट चिकटणारा डिंक वापराल तर सरळ करायला वेळ मिळत नाही, दोन नळ्यांचा अ‍ॅरल्डाइट बरा.

आता खरी गंमत. 72 आणि 80 यांच्यात 8 मि.मी.चंच अंतर आहे, त्यातले 3 पट्टीने खाल्ले. प्रत्यक्षात 1435 आणि 1600 च्या रुळांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 165 मि.मी. मिळतात. रुळाचा पाया धरा 125 ते 140 मि.मी. म्हणजे दोन पायांच्या मधे 25 ते 40 मि.मी.ची फट, त्यात दोन्हीकडची खिळ-क्लिप बसवायची. तिथं खडी अडकते, पाणी साचतं. सांध्यावर तर विचारू नका, तीन गेजच्या पॉइंटमध्ये (गाडी एका वाटेवरून दुसरीवर वळते तिथं) एका वाटेचं चाक दुसऱ्या वाटेच्या फटीवरून न्यावं लागतं. 1067 चा रूळ मात्र 1435 च्या रुळापासून 368 मि.मी. दूर, त्याचा काहीच त्रास नाही. मुलांना फटीत बोट घालून पाहू द्या. कोरड्या भाषणापेक्षा ते लवकर कळतं.

मूर्तिजापूरच्या बाजूला असा मिश्र रूळ दाखवू नका. 762 आणि 1676 च्या डब्यांची उंची, कपलिंग, सगळंच वेगळं. दोन वेगळ्या लाइनी आणि मधे धक्का, त्यावर गठाणी, एवढंच दाखवा. गठाणीला काड्यापेटी चालेल, वरून पिवळसर कापड गुंडाळा.

खडू_आणि_फळा

फार उपकार. 1880 चा फलक रंगवून झाला होता, आता पुसतो. एक शंका: मग 1970 नंतर माल एका गेजवरून दुसऱ्यावर नेताना दरवेळी उतरवायचे का?

पॉइंट_नंबर_चार

सगळाच नाही. पीटरबरोत बोगी बदलायची सोय होती. बोगी म्हणजे इथं डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा संच. डबा तसाच ठेवायचा आणि खालची चाकं बदलायची. आधी ब्रेकचे दांडे सोडवायचे, मग डबा जॅकवर उचलायचा. बोगी मधल्या खुंटीवर नुसती टेकलेली असते, डबा उचलला की मोकळी होते. ती ढकलून बाहेर, दुसऱ्या गेजची आत, डबा खुंटीवर नेमका खाली, ब्रेक जोडून तपासायचे. अडचण अशी की ज्या डब्याची बांधणी तशी आहे त्यालाच हे जमतं. जुन्या, बोगी नसलेल्या चार चाकी वाघिणीत चाकांचा आस थेट सांगाड्याला असतो, तिथं बदलायला बोगीच नाही.

खारपाणपट्टा

नकाशा आणि शेतीकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते.

प्लायचे दोन भाग करा, 3 × 3 फूट नकाशाला आणि तेवढाच रुळांना. प्रमाण 1 सें.मी. = 4 कि.मी. घ्या. पीटरबरोपासून सरळ रेषेत टेरोवी दक्षिणेला 5 सें.मी., पोर्ट पिरी पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे 20, क्वॉर्न वायव्येला 25, ब्रोकन हिल पूर्व-ईशान्येला 67 आणि अ‍ॅडलेड दक्षिणेला 54. म्हणून पीटरबरो बोर्डाच्या मधोमध ठेवू नका, ब्रोकन हिल बाहेर जाईल. डाव्या कडेपासून 24-25 आणि वरच्या कडेपासून 32 सें.मी.वर खूण करा, सगळं बसतं. रेल्वेचं अंतर सरळ रेषेपेक्षा जास्त भरतं, ते दोऱ्याने मोजून दाखवता येईल.

आता नकाशावर एक तांबडी रेघ हवीच, गॉयडर लाइन. जॉर्ज गॉयडर हा त्या वसाहतीचा मुख्य भूमापक. 1865 च्या दुष्काळात तो घोड्यावरून फिरला आणि कुठपर्यंतच्या पावसावर पीक भरवशाने येईल, कुठून पुढे येणार नाही, ते नुसत्या झाडोऱ्यावरून ठरवलं. एका बाजूला मॅली जातीची निलगिरीची झुडपं, दुसऱ्या बाजूला मेंढ्या खातात ती खारट पानांची सॉल्टबुश. ही रेघ साधारण 300 मि.मी. पावसाच्या रेघेशी जुळते आणि पीटरबरोला जवळजवळ चिकटून जाते. 1870 च्या दशकात पाऊस चांगला पडला, ‘नांगर गेला की मागोमाग पाऊस येतो’ अशी समजूत पसरली आणि लोक रेघ ओलांडून गहू पेरू लागले. लाइनी आखल्या त्या याच गव्हाच्या आशेवर. 1880 नंतर पाऊस फिरला, रेघेपलीकडची घरं ओस पडली. त्यांच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. पीटरबरो टिकलं ते खाणीच्या मालावर.

मुलांना हे समजावणं सोपं आहे, आपल्या दर्यापूर-अकोट भागात खारपाणपट्टा कुठून सुरू होतो हे गावातला कोणीही विहिरीच्या पाण्यावरून सांगतो. फरक एवढाच की इथं पाऊस पुरेसा असून पाणी खारं, तिथं पाऊसच तोकडा.

हंगामाची चूक सांभाळा. तिथला पाऊस मुख्यतः मे ते ऑक्टोबर, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात. गव्हाची पेरणी एप्रिल अखेर ते जूनमध्ये आणि कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात. आपल्या मृगाच्या पेरणीच्या आसपासच त्यांचीही पेरणी होते, पण ते पीक थंडीतलं. मुलं ‘जून म्हणजे खरीप’ लिहून मोकळी होतील.

डफरीन_गार्ड

राजेहो, बॉबले काहून इसरले तुमी सारे? पीटर्सबर्गच्या गार्डाचं कुत्रं होतं ते. कोणत्याबी गाडीत चढे, इंजिनावर बसे, मनात आलं तिथं उतरे, अन् तिकीट कोणी इचारत नसे. 1895 मधे मेलं. त्याचा पट्टा पोर्ट अ‍ॅडलेडच्या रेल्वे संग्रहालयात हाये अन् पीटरबरोत पुतळाबी हाये. लेकरं नकाशापेक्षा त्यालेच पाहतीन, म्हणून मातीचं एक कुत्रं करा अन् इंजिनावर ठेवा. फलाटावर ठेवसान तं चुकलं.

अन् घरं लावतानी ध्यानात ठेवा, तिकडं दुपारचा सूर्य कायम उत्तरेले. घराची सावली दक्षिणेले पडली पाह्यजे. आपल्यासारखी उत्तरेले रंगवसान तं कोणी तरी बोट दाखवीनच.

मालधक्का

सावलीची गोष्ट भारी. आणखी एक, लोको शेड दाखवणार असाल तर ते अर्धगोल दाखवा. मधे टर्नटेबल (इंजिन फिरवायची गोल चकती) आणि भोवती 23 खण. ते आजही उभं आहे, स्टीमटाउन नावाचं संग्रहालय झालंय. टर्नटेबलवर तिन्ही गेजचे रूळ आहेत. शेडमध्ये गॅरेट जातीचं एक इंजिन ठेवा, 1950 च्या दशकात 10 आणली होती. ओळखायची खूण सोपी: बॉयलर मधे, पुढे-मागे चाकांचे दोन वेगळे गट आणि त्यांच्यावर पाण्याची-इंधनाची टाकी. बॉयलर दोन्ही गटांच्या मधे टांगलेला असतो, म्हणून साडेतीन फुटी गेजच्या वळणातही एवढं लांब इंजिन वळतं. पुठ्ठ्यात करताना तीन तुकडे वेगळे कापा आणि टाचणीने जोडा. एकसंध कापलंत तर वळणावर रुळाबाहेर लटकेल.

खडू_आणि_फळा

तीन तुकडे, दोन टाचण्या. बॉब पुढच्या टाकीवर. दोन भाग करायला आजच सुताराकडे प्लाय टाकतो आहे.