थर्ड-पार्टी (इतरांनी लिहिलेल्या) लायब्ररी गिटमध्ये ठेवायच्या की बिल्डच्या वेळी आणायच्या?

सीमेककर
सी++ प्रोजेक्ट आहे, बिल्ड सीमेक या बिल्डच्या साधनावर, विंडोज आणि लिनक्स दोन्हींसाठी. लायब्ररी तीन: एसक्यूलाइट (डेटाबेस), झेडलिब (कॉम्प्रेशन; त्यावर आमचा दोन ओळींचा पॅच, म्हणजे बदल) आणि ओपनसीव्ही (प्रतिमांवर काम करणारी). सध्या सगळं थर्ड-पार्टी फोल्डरमध्ये कमिट केलंय, ओपनसीव्हीच्या तयार .लिब फायलींसकट. क्लोनला, म्हणजे अख्खा रेपो (गिटमधला प्रोजेक्ट) उतरवायला, फार वेळ लागतो, शिवाय विंडोजवर झेडलिबचा पॅच लागतच नाही. सबमॉड्यूल (एका रेपोत दुसरा रेपो जोडणं) करावं का?

जुना_कमिट
तिन्हींना एकच नियम लावू नका.

एसक्यूलाइट आहे तशीच राहू द्या. तिचं अमॅल्गमेशन (सगळा सोर्स एकत्र केलेलं रूप) म्हणजे मुख्यतः एक .सी आणि एक .एच फाइल, तेवढ्यासाठी सबमॉड्यूल कशाला?

झेडलिबचा सोर्सही रेपोतच ठेवा, पण दोन कमिटमध्ये. आधी मूळ सोर्स जसाच्या तसा, मग तुमचा पॅच वेगळा. नवी आवृत्ती आणताना जुनं फोल्डर आधी पूर्ण काढा. नुसतं वरून कॉपी केलंत तर मूळ लायब्ररीतून वगळलेल्या फायली तुमच्याकडे मागे राहतात आणि बिल्डमध्ये घुसतात. सोबत एका फाइलीत आवृत्ती, डाउनलोडचा पत्ता आणि एसएचए-२५६ (फाइल तीच आहे हे पडताळणारा चेकसम) लिहून ठेवा. लायसन्सची फाइल हलवू नका.

विंडोजवर पॅच न लागण्याचं कारण बहुतेक ऑटोसीआरएलएफ, म्हणजे ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे करणारी गिटची सेटिंग. चेकआउट होताना ओळींचे शेवट बदलतात आणि पॅचमधल्या ओळींशी जुळत नाहीत. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये थर्ड-पार्टी फोल्डरखालच्या सगळ्यासाठी '-टेक्स्ट' (ओळींचे शेवट बदलू नको) लिहा, पॅचची फाइलही त्याच फोल्डरात ठेवा. मग फोल्डर डिस्कवरून उडवून पुन्हा चेकआउट करा, नाहीतर जुन्याच फायली राहतात.

ओपनसीव्हीच्या .लिब मात्र काढाच. डीबग आणि रिलीजच्या .लिब वेगवेगळ्या लागतात, अदलाबदल झाली की लिंकर एलएनके२०३८ ही एरर देतो. व्हीसीपीकेजी या पॅकेज मॅनेजरच्या मॅनिफेस्टमध्ये (लायब्ररींच्या यादीत) ओपनसीव्हीचं नाव टाका आणि बेसलाइन (कोणत्या आवृत्त्या घ्यायच्या ते) कमिट-हॅशनं पक्की करा.

हॅशवाला
वरच्याला पुस्ती. आता .लिब डिलीट करून क्लोन हलका होणार नाही, त्या इतिहासात तशाच पडून राहतात. फिल्टर-रेपो या साधनानं इतिहास पुन्हा लिहावा लागेल. त्यानंतरचे सगळे हॅश बदलतात, म्हणून टीममधल्या प्रत्येकानं नव्यानं क्लोन करायचं. कुणी जुन्या क्लोनमधून मर्ज करून पुश केलं की तो कचरा परत येतो.

सबमॉड्यूलबद्दल: मुख्य रेपोत फक्त कमिटचा हॅश नोंदला जातो. पॅच टिकवायचा तर लायब्ररीचा स्वतःचा फोर्क (वेगळी प्रत) सांभाळणं आलं. सबमॉड्यूल पुश न करता मुख्य रेपो पुश केला की बाकीच्यांचं अपडेट अडतं. शिवाय गिटहबवरून झिप उतरवणाऱ्याला ते फोल्डर रिकामंच मिळतं.

फेचकंटेंट (बिल्डच्या वेळी लायब्ररी उतरवणारी सीमेकची सोय) वापरलंत तर टॅगऐवजी पूर्ण हॅश द्या, टॅग हलवता येतो. गिटहब आपोआप बनवतं त्या टारबॉलच्या (सोर्सच्या दाबलेल्या संचाच्या) चेकसमवरही विसंबू नका. जानेवारी २०२३ मध्ये कॉम्प्रेशन बदलल्यामुळे ते चेकसम बदलले आणि बरेच बिल्ड पडले. बदल लगेच मागे घेतला गेला, ते सोडा. लायब्ररीच्या लोकांनी स्वतः अपलोड केलेलं रिलीज घ्या.

सीमेककर
झेडलिब नव्यानं टाकली. माझ्याकडे बिल्ड होतंय, पण सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) झेडलिबचं फोल्डर रिकामं.

जुना_कमिट
टारबॉलऐवजी क्लोन करून टाकली असणार. आतलं .गिट फोल्डर तसंच राहिलं की गिट ते वेगळं रेपो समजतं, फायली घेत नाही, फक्त हॅश नोंदवतं. अ‍ॅड करताना 'एम्बेडेड रिपॉझिटरी' अशी वॉर्निंगही येते, पण ती वाचतो कोण! गिट आरएमला --कॅश्ड लावून ते फोल्डर इंडेक्समधून काढा, आतलं .गिट उडवा, परत अ‍ॅड करा.

मग गिट स्टेटस --इग्नोअर्ड लावूनही एकदा बघा. तुमच्या गिटइग्नोअरमध्ये 'बिल्ड' असेल तर लायब्ररीतलं त्याच नावाचं फोल्डर गुपचूप गळतं. तसं असेल तर तेवढ्यापुरतं अ‍ॅडला -एफ लावा.