बेलग्रेडच्या चौकातल्या बायका

"चौकात दहा-वीस माणसं फलक घेऊन उभी राहिल्याने कुठलं युद्ध थांबलं?" असं कुणीतरी विचारतंच. युद्ध थांबत नाही, मान्य. पण मग उभं राहून होतं काय, याचं उत्तर मला सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये सापडतं.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटत असताना तिथल्या काही बायका काळे कपडे घालून रिपब्लिक चौकात मुकाट्याने उभ्या राहू लागल्या. दर बुधवारी. कल्पना जेरुसलेमची, तिथे १९८८ पासून इस्रायली बायका पॅलेस्टिनी भूभागावरच्या ताब्याविरुद्ध अशाच दर शुक्रवारी उभ्या राहत. बेलग्रेडमध्ये लोक त्यांच्या अंगावर थुंकले, देशद्रोही म्हणाले. शत्रूविरुद्ध कुणीही उभं राहतं हो, या आपल्याच सरकारच्या युद्धाविरुद्ध उभ्या होत्या, आणि तेही राजधानीत. मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत. लढायला नकार देणाऱ्या, सैन्यातून पळालेल्या तरुणांच्या पाठीशी राहिल्या, निर्वासितांच्या छावण्यांत काम केलं. ज्या पोराला बंदूक उचलायची नव्हती, त्याला शहरात आपलं म्हणणारं कुणीतरी आहे हे त्या चौकामुळेच कळत असणार.

जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले. सर्बियात अनेकांना आजही तो विषय नको असतो. या बायका दरवर्षी १० जुलैला त्याच चौकात त्यासाठी उभ्या राहतात, अनेकदा पोलिसांच्या कड्यात.

तेव्हा आपल्या गावात कुणी असा कार्यक्रम ठेवत असेल तर किती जण येतील हे आधी विचारू नका. पुढच्या आठवड्यातही उभं राहणार का, ते विचारा.