सेल्फ मारला की नुसतं ‘टक’, बॅटरी तर नवी आहे

बार्शीकर शेतकरी:
१९८७ चा डायनमोवाला ट्रॅक्टर आहे. बॅटरी पाडव्याला नवी टाकली. सकाळी सेल्फ मारला की ‘टक’ होतं, हेडलाइट मावळतात अन् गप्प. ढकलला की लगेच चालू. वायरमन म्हणतो सगळं वायरिंग बदला. ज्वारीची पेरणी तोंडावर आलीय. आधी काय तपासू?

माढेकर:
सेल्फचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजले असतील. खोलून बघा.

जुना ऑटो इलेक्ट्रिशियन, लातूर:
दादा, सेल्फ खोलायची घाई नको. कार्बन संपले असते तर सेल्फने करंटच ओढला नसता आणि लाइट लख्ख राहिले असते. तुमचे मावळतात, म्हणजे करंट ओढला जातोय पण मध्ये कुठेतरी अडतोय. मला अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणाऱ्या पट्टीचा संशय आहे.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच ठेवा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वरच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. कुणाला तरी सेल्फ मारायला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग गेलं. डॅशबोर्डवरच्या मीटरची इंजिनकडे जाणारी केबल गरम होते का तेही बघा. अर्थिंग तुटकं असलं की करंट तिथून जायला लागतो.

बार्शीकर शेतकरी:
बॅटरी १२.५. सेल्फ मारताना ३.२ आले! मीटरची केबलही चांगलीच तापली.

जुना ऑटो इलेक्ट्रिशियन, लातूर:
मग तेच. निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी उडते. पट्टीखालचा रंग, गंज घासून लोखंड चकचकीत करा. त्याहून बरं म्हणजे निगेटिव्हपासून नवी जाड केबल थेट सेल्फ इंजिनला बसवणाऱ्या बोल्टाखाली आवळा.

आणि एक कळकळीने सांगतो, फ्यूजच्या जागी तांब्याची तार असेल तर आजच काढा. ५५ वॅटच्या दोन हेडलाइटना जेमतेम ९ अँपिअर लागतात. शॉर्ट झालं तर ती तार वितळणार नाही, वायरिंग पेटेल, अन् शेजारीच डिझेलची नळी असते.

बार्शीकर शेतकरी:
नवी केबल सेल्फच्या बोल्टाला घेतली. आता ०.२ दाखवतं, हात लावताच चालू. फ्यूजमध्ये तारच निघाली! १५ चा फ्यूज टाकला. वायरिंग बदलत नाही. उद्यापासून पेरणी.