तक्रार कानाची, मग दुर्बीण नाकात कशासाठी?

गोवळकोटकर

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून चिपळूणला राहतात. गणपतीच्या सुमारास त्यांना सर्दी झाली, ती आठवडाभरात गेलीही, परंतु डाव्या कानाला बसलेला दडा दोन महिने उलटले तरी सुटलेला नाही. आरंभी त्यांनी नेहमीप्रमाणे कोमट तेल घातले. नंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून ते श्रवणयंत्रांच्या एका दुकानात गेले. तेथे मोफत तपासणी करून ‘नस कमजोर झाली आहे, दोन्ही कानांना मशीन लावावे लागेल’ असे सांगण्यात आले आणि ६५,००० रुपयांचे अंदाजपत्रक त्यांच्या हाती ठेवण्यात आले.

मग मी सुटी काढून त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी सक्शनने मळ आणि तेलाचा थर काढला, पडदा पाहिला आणि ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर नाद देणारा धातूचा चिमटा) कपाळावर टेकवून ‘आवाज कुठल्या बाजूला येतो?’ असे विचारले. वडिलांनी डाव्या, म्हणजे नेमक्या बिघडलेल्या कानाकडे बोट दाखवले. डॉक्टरांनी नुसती मान डोलावली आणि ‘पीटीए, इम्पिडन्स, नाकाची एंडोस्कोपी’ असे लिहून दिले. सारे मिळून सात मिनिटे लागली. उरलेल्या तपासण्या डॉक्टर नव्हे, तर दवाखान्यातील दुसरेच कोणी करणार आहेत असे काउंटरवर कळले. ही मंडळी कोण असतात, त्यांची पात्रता काय असते, आणि कान दुरुस्त करायला नाकात दुर्बीण घालणे म्हणजे बिल वाढवण्याचा प्रकार तर नव्हे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. वडील दुर्बिणीला तयार नाहीत.

श्रवणतज्ज्ञ, नाशिक

मी एका कान-नाक-घसा दवाखान्यात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे माझे मत थोडे आमच्या व्यवसायाच्या बाजूचे वाटले तर ते तसे समजून घ्यावे.

वडिलांनी डावीकडे बोट दाखवले, हीच त्या सात मिनिटांतील सर्वांत मोलाची नोंद होती. एका कानाची नस अधू असेल, तर कपाळावरचा नाद चांगल्या कानाकडे जातो. उलट बाहेरचा आवाज आत वाहून नेणारा मार्ग, म्हणजे कानाची नळी, पडदा किंवा पडद्यामागची तीन हाडांची साखळी यांपैकी काही अडलेले असेल, तर तो नाद अडलेल्याच कानात मोठा भासतो. एका कानात बोट घालून तोंड मिटून हुंकार भरून पाहा, म्हणजे हे लगेच पटेल. मळ काढल्यानंतरही नाद डावीकडेच जात असेल, तर अडथळा पडद्यामागे असण्याचा संभव अधिक, आणि ‘नस कमजोर’ हे दुकानातील निदान किमान डाव्या कानापुरते तरी संशयास्पद ठरते.

पीटीए म्हणजे शुद्ध स्वरांची श्रवणचाचणी. रुग्णाला साउंडप्रूफ खोलीत बसवून, हेडफोनमधून २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर क्रमाने हळू करत ऐकवले जातात, ऐकू आला की रुग्णाने बटण दाबायचे असते, आणि जो सर्वांत मंद स्वर ऐकू येतो तो आलेखावर नोंदवला जातो. उजव्या कानासाठी लाल वर्तुळ आणि डाव्यासाठी निळी फुली असते. मात्र चाचणी येथे संपत नाही. त्यानंतर कानामागच्या हाडावर एक लहानसा कंपक बसवून तेच स्वर हाडावाटे ऐकवायचे असतात, कारण हाडावाटे चांगले आणि हवेवाटे कमी ऐकू येत असेल तरच दोष वाहक मार्गात आहे असे म्हणता येते. दोन कानांत बराच फरक असेल, तर चांगला कान कवटीतून आलेला आवाज ऐकून वाईट कानाच्या वतीने उत्तर देतो. ते टाळण्यासाठी चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडावी लागते. ती ऐकून ‘तुमचे मशीन बिघडले आहे’ असे सांगणारे ज्येष्ठ मला आठवड्याला दोन तरी भेटतात. दुकानात हा कंपक लावला होता का, आणि पंखा फिरत असलेल्या खोलीत चाचणी झाली का, एवढे वडिलांना विचारून पाहावे.

इम्पिडन्समध्ये बटण दाबायचेच नसते. कानात मऊ रबरी टोक बसवून हवेचा दाब कमीजास्त केला जातो आणि पडदा किती हलतो ते यंत्र टिपते. निरोगी कानाचा आलेख टेकडीसारखा येतो. पडद्यामागे पाणी साठले असेल तर तो सपाट येतो.

पात्रतेविषयी सांगायचे तर श्रवण व वाचा या विषयांतील बीएएसएलपी ही पदवी इंटर्नशिपसह ४ वर्षांची असते, आणि १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. मला कोणी विचारला तर मला आनंदच होतो. मुंबईकडे येणे शक्य असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या सर्व चाचण्या होतात. ही सरकारी संस्था १९८३ साली स्थापन झाली असून आमच्यापैकी अनेक जण तेथेच शिकले आहेत.

काउंटरमागची

मी कोल्हापूर भागातील एका दवाखान्यात डॉक्टरांची सहायक परिचारिका आहे. नाकाच्या दुर्बिणीविषयी लिहिते, कारण हा प्रश्न आमच्याकडे दररोज येतो आणि त्याचे उत्तर देण्याचे काम डॉक्टरांपेक्षा माझ्याच वाट्याला अधिक येते.

पडद्यामागची पोकळी आणि नाकाची मागची बाजू यांना जोडणारी युस्टेशियन नावाची एक नळी असते. विमानात किंवा आंबा घाटातून उतरताना जांभई दिल्यावर कान खट्कन मोकळा होतो, तो या नळीमुळे. सर्दीने तिचे तोंड सुजले की पोकळीत हवा पोहोचत नाही आणि पाणी साठते. लहान मुलांत हे नेहमीचेच आहे. परंतु मोठ्या माणसाच्या एकाच कानात असे पाणी महिना-दोन महिने टिकले, तर नळीच्या तोंडाशी एखादी गाठ तर नाही ना, हे डॉक्टरांना पाहावेच लागते. बहुतेक वेळा तेथे सूज सोडून काही नसते. तरीही तो कोपरा टॉर्चने दिसत नाही, आणि न पाहता ‘काही नाही’ असे लिहिणे बरोबर नव्हे.

वडिलांना असे सांगावे की दुर्बीण साधारण ४ मिलिमीटर जाडीची असते. आधी मी नाकात औषधाने भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवते, त्यांतील एका औषधाने सूज उतरते आणि दुसऱ्याने जागा बधिर होते. दहा-पंधरा मिनिटांनी पट्ट्या काढल्यावर पाहण्याचे काम दोन-तीन मिनिटांत होते. घशात कडवट उतरते आणि दात बधिर झाल्यासारखे वाटतात, ते तासाभरात जाते. रक्त पातळ करण्याची गोळी, रक्तदाब आणि कोणत्याही औषधाची ॲलर्जी यांविषयी पट्ट्या ठेवण्यापूर्वीच सांगावे. मी विचारतेच, पण ज्येष्ठ मंडळी ‘काही नाही’ म्हणून मोकळी होतात आणि पिशवीतून नंतर गोळ्यांची पाकिटे निघतात. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. दर आधी विचारावेत आणि प्रत्येक तपासणीची वेगळी पावती मागावी. त्याने कोणाला राग येत असेल तर तो दवाखान्याचा दोष आहे.

निवृत्त लेखापाल

दवाखान्यातील माणसांचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव लिहितो. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तो उजवा कान पूर्ण बंद. मी तो मळ समजून नऊ दिवस थेंब घालत बसलो, ही चूक माझीच. अखेर अपॉइंटमेंटसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने ‘हळूहळू झाले की एकाएकी?’ एवढेच विचारले आणि ‘एकाएकी’ म्हणताच पुढच्या आठवड्यातील वेळ न देता मला त्याच दुपारी बोलावले. माझ्याबाबतीत दोष खरोखर नसेचा निघाला. त्यासाठी स्टिरॉइड जितके लवकर सुरू होईल तितके बरे, पहिल्या दोन आठवड्यांनंतर त्याचा उपयोग फार कमी होतो, असे डॉक्टरांनी सांगितले. माझे ऐकणे अर्धेमुर्धे परत आले. तेही त्या मुलीच्या एका प्रश्नामुळे, असे मी मानतो.

गोवळकोटकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी तपासण्या झाल्या. डाव्या कानाचा इम्पिडन्सचा आलेख सरळ रेषेसारखा सपाट आला. पीटीएमध्ये डावीकडे हाडावाटे आणि हवेवाटे ऐकण्यात ३० डेसिबलचे अंतर निघाले. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचे स्वर वयोमानाने थोडे उतरले आहेत, पण मशीनचा विचार डावा कान मोकळा झाल्यावरच करावा असे श्रवणतज्ज्ञांनी सांगितले. दुकानात कंपक लावलाच नव्हता, हे वडिलांनी खोलीतून बाहेर येता येता स्वतःच ओळखले. दुर्बिणीत नळीच्या तोंडाशी सूज दिसली, गाठ नाही. नाकाचा स्प्रे दिला असून ६ आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. पाणी तरीही राहिले तर पडद्याला बारीक छेद देऊन ते काढण्याचा विचार करतील.

श्रवणतज्ज्ञ, नाशिक

दुसऱ्या तपासणीला हे दोन्ही आलेख मूळ प्रतीत सोबत न्यावेत, कारण ३० डेसिबलचे अंतर किती भरून निघाले हे जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तेल बंद.