'क्लिमा' म्हणजे हवामान नव्हे, मग काय?

फ्रान्समधल्या बरगंडीच्या द्राक्षबागांवर मराठीत एक लेख लिहिते आहे. तीन शब्दांपाशी अडले आहे: क्लिमा, क्र्यू आणि तेर्वार.

शब्दकोशात क्लिमा म्हणजे हवामान. पण युनेस्कोने २०१५ साली बरगंडीतले 'क्लिमा' जागतिक वारशात घेतले, ते १,२४७ आहेत. दिजाँ शहरापासून बोन गावाच्या थोडं पुढेपर्यंत जाणाऱ्या अरुंद डोंगरउतारावर १,२४७ हवामानं कशी असतील? तिथे क्लिमा म्हणजे द्राक्षबागेचा तुकडा. हद्द ठरलेली, नाव शतकानुशतकं चालत आलेलं, आणि तिथली वाइन शेजारच्या तुकड्याहून निराळी लागते अशी त्याची ओळख. 'भूखंड' लिहिलं तर बिगरशेती प्लॉट डोळ्यांपुढे येतो. 'क्षेत्र' फार मोघम. कुणी सुचवाल का?

प्रतिसाद

ताई, आमच्याकडे निफाडला प्रत्येक वावराला नाव असतं. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण घरात नंबर कुणी बोलत नाही. 'चिंचेचं वावर', 'खालचा मळा', 'टेकाडावरचं'. फवारणीला कुठे जायचं ते नावानंच सांगतात. आणि नाव घेतलं की जमीनही कळते. खालचा मळा म्हटलं की भारी काळी, पाणी धरून ठेवणारी. टेकाडावर मुरूम, निचरा चांगला. तुमचं क्लिमा हेच दिसतंय. 'नावाचं शेत' म्हणा की. आमच्या वावरांची नावं द्राक्षाच्या पेटीवर कधी आली नाहीत, तिथे ती बाटलीवर आली, एवढाच फरक.

प्रतिसाद

'नावाचं शेत' मला फार आवडलं. मी फ्रेंच शिकवते, म्हणून क्र्यूबद्दल लिहिते.

हा शब्द 'वाढणे, उगवणे' या क्रियापदातून आला. म्हणजे मुळात 'त्या जागी पिकलेलं'. दर्जाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. बरगंडीत चार पायऱ्या आहेत: सगळ्यात खाली प्रांताच्या नावाची वाइन, मग गावाच्या नावाची, मग प्रेमिए क्र्यू आणि माथ्यावर ग्राँ क्र्यू. ग्राँ क्र्यू फक्त ३३.

इथे एक धोका आहे, आणि तो मराठी लेखात हमखास होतो. प्रेमिए म्हणजे पहिला, म्हणून 'प्रथम श्रेणी' लिहिलं की वाचकाला तोच सर्वोच्च वाटणार. बरगंडीत तो दुसरा आहे. बोर्दो या फ्रान्सच्या दुसऱ्या वाइनप्रांतातल्या मेदोक भागात मात्र १८५५च्या वर्गवारीत प्रेमिए क्र्यू खरोखर सर्वांत वर आहे, आणि तिथे दर्जा मिळाला तो शातोला, म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्याला आणि त्याच्या नावाला. शातोने शेजारची जमीन विकत घेतली तरी दर्जा टिकतो. बरगंडीत दर्जा जमिनीला आहे. मालक बदलला, विकली, वाटणी झाली, तरी तो त्या शेतातून हलत नाही. त्यामुळे ग्राँ क्र्यूला 'थोर शेत' आणि प्रेमिएला 'मानाचं शेत' म्हणावं असं मला वाटतं. आकडा टाळाच.

नावांकडेही नीट बघा. जव्रे या गावाने १८४७ साली आपल्या नावाला गावातल्या नामांकित शाँबेर्तँ शेताचं नाव जोडून घेतलं. त्यामुळे बाटलीवर 'जव्रे-शाँबेर्तँ' असेल तर ती गावाची वाइन, नुसतं 'शाँबेर्तँ' असेल तर ग्राँ क्र्यू. नाव लांब, पायरी खालची.

प्रतिसाद

तेर्वारला, म्हणजे जागेमुळे वाइनला येणाऱ्या वेगळेपणाला, 'मातीचा गुण' का नको? आपल्याकडे म्हण आहेच: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणीतला वाण म्हणजे रंग, पण शेतकरी रोज 'वाण' म्हणतो तो जातीला. बरगंडीचं सगळं कोडं या दोन शब्दांत बसतं. वाण जवळजवळ ठरलेले: लालसाठी पिनो न्वार, पांढरीसाठी शार्दोने. थोडी आलिगोते आणि गामे. गामे भरपूर पिकते म्हणून लोक लावत सुटले, तेव्हा ड्यूक फिलिपने १३९५ साली ती उपटून टाकायचा हुकूम काढला. लालचा वाण असा जवळजवळ एकच राहिला, म्हणून चवीतला फरक शेताच्या पदरात घालता आला.

प्रतिसाद

'मातीचा' म्हटल्यावर उतार, ऊन आणि निचरा बाहेर राहतात. तेर्वारमध्ये ते सगळं येतं, बागायतदाराचा हातसुद्धा. 'जागेचा गुण' म्हणा.

आणि 'क्लो' हा शब्द लेखात येणारच, त्याला कोकणातला तयार शब्द आहे: वाडी. गडगा घातलेली बाग. क्लो द वूजो ही सितोच्या मठातल्या साधूंनी भिंत घालून घेतलेली द्राक्षवाडी, सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. आज तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. फ्रेंच क्रांतीत ती मठाकडून गेली, पुढे विक्री आणि वाटण्या होत गेल्या. मी ती बाहेरून पाहिली आहे. वरच्या बाजूला बोटभर मातीखाली चुनखडक दिसतो, पायाखाली खडे कुरकुरतात. तिथून रस्त्याकडे उतरत गेलं की माती जाड आणि चिकट होते, पाऊस पडला की बुटाला लोळे धरतात. वरच्या वेलीला मुळं खडकाच्या भेगांत घालावी लागतात, खालच्या वेलीचे पाय ओले. तरी भिंतीच्या आतलं सगळं ग्राँ क्र्यू. तिथे मला 'जागेचा गुण' पटला आणि वर्गवारीची मर्यादाही कळली. अशी बाटली घेताना मालकाची पट्टी वर आहे की रस्त्यालगत, हे विचारावंच लागतं.

प्रतिसाद

गडगा बरोबर. पण आमच्याकडे वाडी म्हणजे वस्तीसुद्धा. लेखात 'द्राक्षवाडी' असंच लिहा, नाहीतर गाव समजतील.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं चिंचेचं वावर लेखात घेते, परवानगी असेल तर. 'जागेचा गुण' आणि 'द्राक्षवाडी' नक्की. 'थोर शेत' आणि 'मानाचं शेत' पहिल्यांदा फ्रेंच नावासोबत देईन, कारण बाटलीवर वाचकाला फ्रेंचच दिसणार. क्लिमाचं वाक्य आता असं झालं आहे:

"रोमाने-कोंती हे जेमतेम साडेचार एकरांचं नावाचं शेत. बरगंडीत अशा शेताला क्लिमा म्हणतात."

'नावाचं' म्हटल्यावर 'नुसतं नावापुरतं' असा अर्थ कुणाला लागतो का, तेवढं सांगा.

प्रतिसाद

लागू शकतो, ताई. 'नावाजलेलं' केलं तर उलट सगळीच शेतं प्रसिद्ध ठरतील. 'नाव असलेलं शेत' लिहा. आमच्या आजी तसंच म्हणायच्या: "त्याला नाव आहे, नुसतं रान नाही ते."